वाकलेला टाय रॉड

प्रिय दादा,

काल दिघीच्या मैदानावर तुझी रिमोटची गाडी मी पळवली. तेव्हापासून एक गोष्ट तुला सांगायची आहे, म्हणून लिहितेय. खरं तर ती तू असतानाच सांगायला हवी होती.

तू जाण्याच्या आठ दिवस आधी टेबल पुसताना गाडी माझ्या हातून पडली. वरून काही दिसलं नाही. मी ती गुपचूप जागेवर ठेवली. किती चिडला असतास तू! एकदा नुसतं पुढचं चाक फिरवून पाहिलं, तर "अलाइनमेंट बिघडेल, हात लावू नकोस" म्हणालास आणि दोन दिवस बोलला नाहीस. मग तू ती पुन्हा चालवण्याआधीच चाकणला कामावर तुझ्या छातीत कळ आली, आणि सांगायचं राहून गेलं.

काल तुझ्या मित्रांनी तुझ्या आठवणीत रेस ठेवली होती. सरावातच गाडी उजवीकडे ओढायला लागली, दोनदा कडेला आदळली. सलीमभाईंनी ती उलटी करून पाहिली. पुढचं डावं चाक वळवणारी बारीक दांडी, टाय रॉड, वाकली होती.

"हे कधी झालं? त्याच्या हातात तर सरळ जायची," ते म्हणाले.

वहिनी शेजारीच होती. तरी मी सांगून टाकलं.

"माझ्या हातून पडली होती. त्याला सांगितलं नाही मी."

मग सलीमभाई म्हणाले, "दहा मिनिटं आहेत. रिमोटवरूनच चाकं थोडी डावीकडे वळवून सरळ करून घेऊ?"

"नको. दांडीच बदलू," मी म्हणाले.

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर पार्ट मोजते मी, तसाच काल मापाचा व्हर्नियर हातात घेतला. नवी दांडी उजवीच्या मापाची केली. गाडी फरशीच्या तुकड्यावर ठेवून दोन चाकांमधलं अंतर पुढून मोजलं, मागून मोजलं. पुढून मागच्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी हवं होतं, एकच कमी भरलं. दोन्ही दांड्या फिरवून त्यांची लांबी थोडी थोडी बदलली. तिकडे नावं पुकारायला लागले. पुन्हा मोजलं. दोन.

गाडी सरळ गेली, दादा. शेवटच्या वळणावर उलटली, ती माझ्या घाईने. पाचवी आले.

परतताना रिक्षात वहिनी हळूच म्हणाली, "माझ्या हातून पडली असती, तर मीही ह्यांना सांगितलं नसतं."

इतकं का रे भ्यायचो आम्ही तुला?

वहिनीला तुझी ही गाडी चालवायला शिकायचं आहे. मी शिकवीन. तिच्या हातून काही मोडलं, तर ते माझ्यापासून लपवावंसं तिला कधी वाटणार नाही, हा शब्द देते.

तुझी,
सुमा