चुलीमागची केळ

प्रिय सिलिया,

हे पत्र हातात पडेल तेव्हा बाळ मांडीवर असेल तर आधी त्याला त्याच्या बापाकडे, निकानोरकडे दे आणि मग वाच. एकटीनं वाच. सासरच्यांना कसं सांगायचं ते नंतर तू ठरव; पण सांगावं तर लागेलच.

तुझं पत्र मिळालं. मुलगा झाला, त्याचे कान माझ्यावर गेलेत, बाप्तिस्मा ठरलाय आणि त्याची नाळ पुरून तिच्यावर लावायला तुला तुझ्या केळीच्या बुडाशी फुटलेला मुनवा हवाय, एवढं सगळं तू एका पानात बसवलंस. मी वाचून दाखवत होतो तेव्हा तुझी आई न्याहारीचे बोलोन वळत होती. कुस्करलेल्या केळ्याचा गोळा तसाच हातात धरून ती बसून राहिली आणि मग म्हणाली, "कान तुमच्यावर गेले? बिचारं पोर." एवढं म्हणून तोंड फिरवून रडली. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिसऱ्यांदा वाच म्हणाली. मला अक्षरं उशिरा आली हे बरंच झालं, अजून वाचायचा कंटाळा येत नाही.

आमची खुशाली विचारलीस. दोघांच्या तब्येती ठणठणीत आहेत. भीती सोडली तर दुसरं काही दुखत नाही.

तू लग्न होऊन गेलीस तेव्हा केळींवरची मर म्हणजे लांबची गोष्ट होती. डोंगरापलीकडे कुणाची तरी बाग वाळली, कुणी तरी जमीन टाकून शहरात गेलं, असं आपण ऐकायचो आणि कॉफी प्यायचो. आता ती आब्दोनच्या शेतात आलीय. तुझा धर्मबाप आब्दोन, आपल्या चराच्या पलीकडे. त्यानं कुणाला सांगितलं नाही. रोज उजाडताच विळा घेऊन जायचा आणि खालची पिवळी पानं कापून टाकायचा, कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. त्याची सगळी बाग खालून बोडकी दिसायला लागली. एकदा मीच त्याला चरापलीकडून हाक मारली, "आब्दोन, केळींची हजामत कशाला चालवलीस? लग्न आहे काय त्यांचं?" तो हसला. पण मान वर करून हसला नाही. तेव्हाच मी ओळखलं, कारण आब्दोन हसतो तेव्हा त्याचे पडलेले दातसुद्धा दिसतात, हे तुला ठाऊक आहे.

मर कशी दिसते ते तुला लिहून ठेवतो, तुझ्या उपयोगी पडेल. आधी सर्वांत खालचं पान कडेनं पिवळं होतं. म्हातारं झालेलं पान पिवळं होतं तसं नव्हे, पेटल्यासारखं. मग ते देठाशी मोडतं आणि खोडाभोवती लोंबत राहतं. मग त्याच्या वरचं, मग त्याच्याही वरचं. शेवटी केळ घागरा घातल्यासारखी दिसते आणि शेंड्याला एकच हिरवं पान उभं राहतं. वाईट गोष्ट ही की त्या वेळीही बुडाशी मुनवे टवटवीत असतात, हिरवेगार, लेकरांसारखे हसरे. खोड आडवं कापलं की मग कळतं: आत तांबड्या धाग्यांची कडी असते, सुकलेल्या रक्ताच्या रंगाची. तेच धागे मुनव्यातही असतात, फक्त अजून दिसत नाहीत.

तुमच्या खोऱ्यात मर अजून पोचलेली नाही. हे वाक्य मी रोज मनाशी म्हणतो, जपमाळ ओढल्यासारखं. तुझ्या सासऱ्यांनी रान तोडून तिथे पहिली केळ लावली, आणि आज नदीच्या दोन्ही काठांना तुमचीच पिल्लावळ आहे. सगळी आपलीच जुनी रेशमी जात. एकानं मुनवा लावायचा, त्याच्या बुडाला पिल्लं फुटली की शेजाऱ्यानं मागून न्यायची, शेजाऱ्याकडून व्याह्यानं. देताना कुणी नाही म्हणत नाही. तुमच्या गावचा हा चांगुलपणा मला फार आवडायचा. आता त्याचीच भीती वाटते.

शेतात जातो तेव्हा मी हल्ली वर घडाकडे बघतच नाही. नजर खाली, जमिनीलगत. वाऱ्यानं पान फाटलं की थांबतो, चराशी ओल दिसली की थांबतो. माझा मलाच राग येतो. जन्मभर ज्या मातीत अनवाणी चाललो, त्या मातीत पाय टाकताना साप असल्यासारखा टाकतो. घरी आलो की तुझी आई विचारते, "काय?" मी म्हणतो, "काही नाही." एवढंच आमचं बोलणं.

सरकारचा इंजिनियर येऊन गेला. कोवळा आहे, उन्हानं नाक सोललेलं, पण मनाचा सरळ आहे. त्यानं घड भरायच्या छपरात सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की जुनी जात गेली समजा. तोडा, जाळा आणि फिलिपिनो लावा. ही नवी जात बुटकी आहे, तिला ही मर शिवत नाही, जवळजवळ लावता येते, वादळात आडवी होत नाही आणि एका शेतात जुनीच्या दुपटीनं माल देते. फक्त तिची साल नाजूक, म्हणून घड खांद्यावर टाकून जहाजावर न्यायचा नाही; फण्या सुट्या करायच्या, टाकीत धुवायच्या आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायच्या, अंडी भरावीत तशा. मागून कुणी तरी म्हणालं, "ही केळ म्हणायची की कोबी?" सगळे हसले. तुझी आई दारात उभी होती, ती म्हणाली, "बुटकी म्हणून हसता? मी काय ताडाएवढी आहे? संसार केला ना तुमच्या या उंच माणसाचा?" मग तर छप्पर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. आब्दोनही हसला, दात दाखवून.

मी इंजिनियरला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, सगळ्या देशानं एकच जात लावायची, म्हणजे सगळी एका आईची लेकरं. उद्या तिलाच काही झालं तर?" त्यानं हातातला खोक्याचा पुठ्ठा दुमडला. म्हणाला, "डॉन सेराफीन, आज ही जगते. उद्याचं मला विचारू नका, मलाही भीती वाटते." त्या उत्तरामुळे माझा त्याच्यावर विश्वास बसला. मी नवी जात लावायला कबूल झालोय. पण ते तुला घाईनं कळवावं असं काही नव्हतं.

त्याच बैठकीत त्यानं आणखी एक सांगितलं. या भागातून एकही मुनवा बाहेर जाता कामा नये. लेकीला नको, जावयाला नको, पाद्रीबाबांच्या अंगणात नको. बुडाला चिकटलेली चिमूटभर मातीसुद्धा पुरे, म्हणाला. विळे औषधात बुडवा, बूट औषधात बुडवा. आम्ही सगळं केलं. प्रत्येक शेताच्या तोंडाशी त्या उग्र वासाच्या औषधाचं घमेलं ठेवलं. त्यानं प्रत्येकाच्या शेतात फिरून ओळ न् ओळ तपासली. आपलं शेत स्वच्छ निघालं. मी त्या दिवशी जेवलो, पोटभर.

पण सिलिया, चुलीमागची केळ कुणी तपासली नाही. इंजिनियरनं विचारलंच नाही, आणि मलाही सुचलं नाही, कुणालाच सुचलं नाही. सांग, तुझी नाळ जिच्या बुडाशी पुरली, जिला तू लहानपणी "माझी ताई" म्हणायचीस, जिच्या पानात आपल्या घरात मासा शिजतो, ती का पीक आहे? शेतातली ती केळी, चुलीमागची ती घरची. इथे घरोघरी हेच. शेतात जाताना बूट औषधात बुडवणारा माणूस आमच्या स्वयंपाकघरात कॉफीला येताना तसाच येतो, कारण घरात येताना कसलं औषध? आब्दोन रोज यायचा. चराच्या पलीकडचा चिखल पायाला घेऊन यायचा, चुलीमागे तोंड धुवायचा आणि तुझ्या आईला म्हणायचा, "वहिनी, साखर जास्त टाका, आयुष्य कडू झालंय."

परवा मी सहज मागच्या दारी गेलो, तर तुझ्या केळीचं खालचं पान पिवळं होतं. मी स्वतःला समजावलं, चुलीच्या धगीनं झालं असेल. दुसऱ्या दिवशी ते देठाशी मोडून खोडाला बिलगलं होतं. मी विळा आणला. तुझी आई म्हणाली, "अहो, तिला हात लावू नका, घड धरलाय तिनं." मी कापली. आत ती कडी होती. तांबडी, पूर्ण गोल. मी विळा खाली ठेवला. मागे वळलो तर तुझ्या आईचा चेहरा पांढराफटक पडलेला. मला वाटलं केळ गेली म्हणून. मी म्हटलं, "ओबदुलिया, जाऊ दे, बुटकी लावू इथे." ती म्हणाली, "मी मुनवा पाठवला."

मला आधी कळेचना. ती तुटक तुटक बोलली. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात, मी बंदरावर गेलो होतो तेव्हा, तिनं बुडाशी हात घालून मोठ्यातला मोठा मुनवा काढला, माती धरून, केळीच्या सोपटात गुंडाळून, वर ओलं पोतं बांधून मालाच्या लाँचवर दिला. म्हणाली, "इंजिनियरनं सांगितलं ते शेतातल्यांचं होतं ना. ही तर आपल्या सिलियाची. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि बाप्तिस्म्याला आजोळचं काहीच नाही म्हटल्यावर पोरीनं तोंड कसं दाखवायचं?" मी तिला एक शब्द बोललो नाही. तूही बोलू नकोस, तुला तिची शपथ आहे. तेव्हापासून ती चुलीजवळ बसून आहे आणि चूल पेटलेली नाही.

म्हणून हे पत्र. लाँच बंदरोबंदर थांबत जाते आणि टपाल मोटारीनं जातं, एवढीच माझी आशा आहे. तुमच्याकडे तार येत नाही, नाहीतर तारच केली असती. पोतं अजून आलं नसेल तर निकानोरला धक्क्यावर बसव. ते जमिनीवर टेकवू देऊ नको, सोडू नको, आतली माती बघायलासुद्धा नको. तसंच लोखंडी पिंपात घाल, वर घासलेट ओत आणि राख होईपर्यंत उभी राहा. मग लाँचच्या फळीवर आणि निकानोरच्या पायांवर उकळतं पाणी... नको, पायांवर नको, बूटच जाळा. मी काय लिहितोय ते मलाच कळत नाही. आणि पोतं आधीच आलं असेल, मुनवा लावला असेल, तर उपटू नकोस. हलवलास तर माती सांडेल. आहे तिथेच त्यावर लाकडं रचून पेटव, भोवती कुंपण घाल, कोंबड्या तिकडे जाऊ देऊ नको, आणि तिथलं पाणी नदीकडे वाहत असेल तर आजच बांध घाल. कुणी हौसेनं त्या खड्ड्यात मूठभर माती टाकायला आलं असेल, तर त्यांची नावं आठव आणि प्रत्येकाच्या घरी स्वतः जा. सासऱ्यांना खरं काय ते सांग, माझं नाव घालून. आणि तुम्ही इकडे येऊ नका, मी बोलावेपर्यंत येऊ नका, बाळाला दाखवायलासुद्धा नाही; कदाचित मी बोलावणारच नाही. गाव म्हणेल, पहिल्या नातवाच्या बाप्तिस्म्याला आजोळहून एक पान आलं नाही. म्हणू दे.

तुझाच,
बाबा