जिन्यातलं पहिलं कडवं

प्रिय ठकू,

तुझा मेसेज वाचला. मिरी मोबाइलवर तुला बघून तोंड फिरवते, अजून एक शब्द बोलत नाही, म्हणजे ती आईला विसरली. तेव्हा पुढच्या बंदरात नोकरी सोडून तू घरी येणार. एवढ्या मोठ्या जहाजाची इंजिनं ताब्यात ठेवणारी बाई दोन वर्षांच्या पोरीनं पाठ फिरवली म्हणून पार खचते, यावर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. फोन करणार होतो, पण फोनवर तू रडतेस आणि तुमचं नेटवर्क नेमकं हुंदक्यात तुटतं. मग मी ‘हॅलो, हॅलो’ करत खोलीभर येरझाऱ्या घालत बसतो. म्हणून हे पत्र. कंपनीचा माणूस बंदरावर तुझ्या हातात देईल. आधी पूर्ण वाच, मग काय तो राजीनामा खरड.

तू गेल्यापासून माझं बरं चाललंय असं म्हणायची सोय नाही. तुझा नवरा सकाळी मिरीला माझ्या दारात सोडून जो पळतो तो अंधार पडल्यावर उगवतो. मधल्या वेळात पहिल्या मजल्यावरचा हा सडाफटिंग मामा आणि ती. मी लोकांची टिंगल करणारे लेख लिहितो, ती माझ्या टेबलाखाली बसून मी फाडलेले कागद आणखी बारीक फाडते. माझ्या संपादकांपेक्षा तिची निवड चांगली आहे. तिला सगळं कळतं. चप्पल आण म्हटलं की आणते, माझी नको तुझी म्हटलं की बदलून आणते. डॉक्टरांनी कान तपासले, ते शाबूत. ‘गाणी म्हणा, नाचा, खेळा, वाट बघा,’ म्हणाले. नाचा, हे माझ्या गुडघ्यांकडे बघून म्हणाले, हे विशेष.

त्यांनीच एका वर्गाचा पत्ता दिला. वाचनालयामागे एक हॉल आहे, भिंतीला खुर्च्या रचलेल्या, फरशी नुकतीच पुसलेली. तिथे चालायला लागलेली आणि बोलायला न लागलेली डझनभर पोरं आणि त्यांची पालकमंडळी गोल करून बसतात. मधोमध डफ घेतलेल्या एक बाई. खरं सांगतो, मी लेखासाठी माल मिळेल म्हणून गेलो होतो. आणि मिळालाही! बँकेतले साहेब बेडूक होऊन उड्या मारत होते, एक वकीलबाई झाड झाल्या होत्या आणि वारा आल्याबरोबर हलत होत्या. मला बाईंनी हत्ती केलं. अंगकाठी बघून केलं असावं.

पण त्या वर्गात एक खेळ आहे, ठकू, तो मला अजून पचलेला नाही. ओळ म्हणायची, तिच्याबरोबर पावलं टाकायची, आणि शेवटच्या शब्दाच्या अलीकडे थांबायचं. पाय थांबवायचे, डफ थांबवायचा, तोंड मिटायचं. पोरांकडे बघत राहायचं. ‘थांबा,’ बाई म्हणतात. ‘अजून थांबा. हे मोठ्यांना फार जड जातं.’ आपल्या घराण्यात तर कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. बाबा स्वतःचंसुद्धा मध्येच तोडायचे. मी पहिल्या दिवशी शब्द भसकन ओरडून मोकळा झालो आणि एका दीड वर्षाच्या मुलानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या ताटातला घास उचलला होता.

मग मी गप्प राहायला शिकलो. आणि दिसायला लागलं. त्या शांततेत पोरांच्या अंगात काहीतरी चढत जातं. आधी पायाची बोटं फरशी धरतात. मग गुडघे हलकेच वाकतात, खांदे वर येतात, छातीत हवा भरते, आणि कुणाच्या तरी तोंडून ‘धप्प!’ असा शब्द बाहेर पडतो. आयुष्यभर मी समजत होतो की शब्द डोक्यातून येतात. माझे येत असतील. म्हणून तर असे कोरडे असतात. मिरीचंही सगळं तसंच व्हायचं. बोटं, गुडघे, खांदे, छाती. तोंड उघडायचं. आणि तिथेच राहायचं. दर वेळी माझाही श्वास तिच्याबरोबर वर जायचा आणि तसाच खाली यायचा.

आता जिन्याकडे येतो. दुपारी तिला तुमच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्याच पलंगावर झोपायचं असतं. वर्गातून आलो की मी तिला खांद्यावर घेऊन चढतो आणि ती माझ्या पाठीवर थापट्या मारत राहते. मला वाटायचं, घोडा हळू चालतोय म्हणून मारते. माझ्या दारापर्यंत एक चाल, तिथे थांबा, दुसऱ्या मजल्यापर्यंत जरा संथ, तिसऱ्याला भरभर. रोज तेच. तुझ्या नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘मला तर नाही मारत.’ कशी मारेल? तो दोन-दोन पायऱ्या गाळत पळतो, ठेका धरायला पोरीला जागा कुठेय?

गेल्या मंगळवारी बाई म्हणाल्या, आज ठेका मुलं देतील. मिरीनं माझ्या खांद्यावर त्याच थापट्या दिल्या, बाईंनी त्या डफावर उचलल्या. पाठीवर इतके दिवस खाऊनही जे कळलं नव्हतं ते कानांनी ओळखलं. तू इथे असताना मी माझ्या टेबलाशी बसलेलो असायचो, आणि खालून तू तिला कडेवर घेऊन वर यायचीस, सात सूर सोडून आठव्याच सुरात गात. दर संध्याकाळी दार लावून घ्यावं असं वाटायचं. ‘चढ गं पायरी, धर गं कठडा, मागं बघू नको, वर… वर… वर!’

त्या दिवशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी ते गाणं सुरू केलं. पाठीवरचा हात एकदम थांबला. मग माझ्या आवाजाबरोबर पडायला लागला. माझ्या दाराशी आलो, ‘मागं बघू नको’ म्हटलं आणि थांबलो. खूप थांबलो. तिची बोटं माझ्या शर्टात रुतली, छाती माझ्या कानाशी फुगली, आणि ठकू, माझ्या कानात कुणीतरी म्हणालं, ‘वर.’

मी पायरीवर बसलो. समोरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, ‘काय हो, पडलात का?’ मिरीनं त्यांनाही सांगितलं, ‘वर.’ तेव्हापासून मांजर वर, चमचा वर, माझा चष्मा वर. मी मात्र अजून त्या पायरीवरच बसलोय असं समज. इतके महिने त्या एवढ्याशा तळहातानं तुझं गाणं जपलं. शब्द नव्हते, सूर तर तुझ्याकडेही नव्हता, तरी एक थाप इकडची तिकडे होऊ दिली नाही. तोंड फिरवते म्हणालीस ना? परवा तुझा फोन आला तेव्हा मी तिच्यामागून गेलो. ती पडद्याकडे पाठ करून थेट दाराकडे गेली आणि जिन्याकडे बोट दाखवून उभी राहिली. तिची आई जिन्यातून येते, पडद्यातून नाही, एवढंच तिचं म्हणणं.

घरी यायचं तर तुझ्या मनानं ये, मी कोण अडवणार. पण ती विसरली म्हणून नको येऊस. आणि हे पत्र मी लिहिलं ते वेगळ्याच गरजेपोटी. माझं घर पहिल्या मजल्यावर आहे, त्यामुळे मला एकच कडवं ऐकू यायचं. पुढे तू वर जायचीस आणि शब्द विरून जायचे. आता मिरी रोज माझ्या दाराशी ‘वर’ म्हणते, दुसऱ्या जिन्याची थाप सुरू करते आणि तोंड उघडून माझ्याकडे बघते. मी बनवून म्हटलं तर कान ओढते. तेव्हा पुढची दोन कडवी गाऊन, आवाज भरून पाठव. बेसूर गा, नाहीतर तिला तू वाटणार नाहीस. फक्त प्रत्येक कडव्याचा शेवटचा शब्द गाऊ नकोस. तिथे थांब. तुला जड जाईल, तरी थांब. तो शब्द ती म्हणेल.

तुझाच, अजून पहिल्याच मजल्यावर अडकलेला,
दादा