दुधातल्या दशम्या

प्रिय निकिता,

तू दशमीचा तुकडा मोडलास, गोरक्षकडे पाहिलंस आणि तो हळूच कागदी ताटलीखाली सरकवलास, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. तुला वाटलं, शेकोटीच्या धुरात कोणाला दिसलं नाही.

कॉलेज अर्धवट सोडल्यापासून मी भंडारदऱ्याला तंबू ठोकतो, हे तू सगळ्यांना हसत सांगतेस. सांग. पण संगमनेर सोडलं तेव्हा स्टँडवर एकटी तूच आली होतीस. एकाच वडापावातला अर्धा तू खाल्लास, अर्धा मी. त्या अर्ध्यावर किती दिवस जगलो, काय सांगू! म्हणून तुमच्या कॉलेजच्या ग्रुपचा कॅम्प इथं ठरला तेव्हा लई हरखलो होतो. ग्रुपवर कोणी काय आणायचं ते सुरू झालं. तू म्हणालीस, हुलग्याचं पीठ आणते, तिथंच चुलीवर शेंगोळे करू. कोणी ठेचा घेतला, कोणी लाडू. मग गोरक्षनं लिहिलं, 'सम्राटशेठ, तुमी फक्त पॅकबंद आना. बिस्किटं, वेफर, पान्याच्या बाटल्या.' त्याखाली तुझा अंगठा. मला वाटलं, माझ्या आईला त्रास नको म्हणून सांगतायत. इतका मी खुळा.

आई खुळी नाही. 'पॅकबंदच म्हणाले का?' एवढंच विचारलं तिनं. पहाटे उठून दशम्या थापल्या, लसणाची चटणी कुटली. म्हणाली, 'दोन दिवस मऊ राहतात. पोरं डोंगरात भुकेजतील.'

मी शेंगोळे वळायला हात पुढे केला, तर तू म्हणालीस, 'तू जाळ बघ ना.' बघितला जाळ. मग डबा उघडला. गोरक्ष ओरडला, 'घरचं हाय व्हय? सांगितलं हुतं की राव!' सगळे हसले. कोणाचं पोट भरलेलं निघालं, कोणाचा अचानक उपास. त्याच उपासकऱ्यानं नंतर शेंगोळ्यांचं पातेलं खरवडून खाल्लं. दशमी घेतलीस ती तू एकटीनंच, आणि तिचं काय केलंस ते वर लिहिलंय.

तुम्ही झोपायला गेल्यावर तंबूमागे बसून सगळ्या दशम्या मीच संपवल्या. आईला डबा रिकामा दिसायला हवा होता. तो पाहून ती इतकी खूश झाली, की जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेली. 'दुधात मळल्या हुत्या रे. माझी आजी सांगायची, दुधात मळलेल्याला विटाळ लागत न्हाई, असं ती वरची लोकं मानायची. म्हटलं, तुझ्या मैत्रिणीची अडचण नको.' आम्ही बौद्ध झालो तेव्हा माझ्या पणजोबांनी देव्हाऱ्यातले देव प्रवरेत सोडले. पुन्हा कोणापुढे वाकायचं नाही म्हणून सोडले. त्याच घरात माझी आई पहाटे उठून वाकली. कोणासाठी? तुझ्यासाठी. कारण तिच्या पोराचा जीव तुझ्यावर.

गोरक्षचा राग नाही मला. तो निदान तोंडावर बोलतो. तुझं काय? दोघंच असलो की माझ्या हातातला घास चालतो, चारचौघांत आईचा चालत नाही. तू त्यांच्यासारखी असतीस तर सोपं होतं गं. तू कुठंच नाहीस.

आज कॅम्पच्या मालकानं सांगितलं, शनिवारी तुमचा ग्रुप पुन्हा येतोय. तुझा निरोप दिला : तंबू सम्राटनंच लावावा, जेवणाचं आम्ही बघतो. आणि तिकडं आईला तू फोन केलास, 'काकू, दशम्या एक नंबर!' ती भाबडी गवळ्याला शनिवारचं जास्तीचं दूध सांगून बसलीय. म्हणून हे पत्र. मालकाकडे ठेवतोय, तो तुझ्या हातात देईल. तंबू दुसरं कोणी लावेल. तू अजून आवडतेस, हे गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. पण मी आत्ता राजूरला घरी चाललोय, आईला खरं सांगायला. तुमच्यातल्या एकानंही तिच्या हातचं खाल्लं नाही, हे सांगायला. रडेल ती. रडू दे. खाली 'तुझाच' लिहिणार होतो, हात धजला नाही. बाहेर जीपवाला हॉर्न देतोय. निघतो. दार ओढून घेतो.

सम्राट