मांडे करणारी डाकीण

गुरुजी, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. मी आता बुऱ्हाणपुरात राहतो. सकाळी देवपूजा आटोपली की भयकथा, विज्ञानकथा लिहितो, त्या दिवाळी अंकांत छापून येतात. परवा एका संपादकांचा फोन आला. "भूत चांगलं आहे हो, पण तुमच्या गावातला एखादा खरा माणूस घाला ना त्यात. त्याशिवाय वाचक घाबरत नाही." मी फोन ठेवला आणि तुम्ही आठवलात.

खकनारकडच्या आपल्या शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला तुम्ही गोष्ट सांगायचात. त्या शनिवारी डाकीण आली. केळीच्या बागेत एकटी राहणारी, खापरावर मांडे भाजणारी. पुरण भरलेला मांडा ती हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवते, आणि तो मांडा जो खाईल त्याचं रक्त हळूहळू आटतं. आम्ही श्वास रोखून ऐकतोय. पण बागेत एकटी राहणारी, असे मांडे करणारी बाई गावात एकच होती, माझी विधवा आत्या. तिच्या हातचे मांडे तुम्ही लग्नालग्नांत खाल्ले होते, आणि तेच हात उचलून गोष्टीत घातलेत. म्हणून तर गोष्ट इतकी जिवंत झाली.

पुढच्याच लग्नात तिला खापराशी बसलेली पाहून एक पोरगी किंचाळली, "आई, हीच ती!" आधी सगळे हसले. मग त्या पोरीला ताप आला आणि कोणी हसेना. त्यानंतरच्या लग्नात आत्या चांगलं लुगडं नेसून बोलावण्याची वाट पाहत बसली, तर दारात आलेली लग्नघरची बाई म्हणाली, "राहू द्या आत्या, अवंदा हलवाई लावला ना." ती गेल्यावर आत्या बाबांना म्हणाली, "भाऊ, माह्या हाताले असं काय झालं रे?"

बाबा मला घेऊन शाळेत आले. "गुरुजी, मारुतीच्या पारावर एकदा सांगा, ही गोष्ट तुम्ही रचली म्हणून." तुम्ही हसलात. "अहो, गोष्टच आहे, सच थोडीच आहे? पोरं विसरून जातील." पोरं विसरली नाहीत. ती मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, आणि एकाही मांडवात आत्याला खापराशी कोणी बसवलं नाही. तुमच्या शब्दावर लोक पोरांची नावं ठेवत, गुरुजी. तुम्ही नुसते पारावर उभे राहिला असता तरी पुरलं असतं. पण मग तुमची गोष्ट मेली असती, आणि ते तुम्हाला नको होतं. हे मला स्वतः लिहायला लागल्यावर कळलं.

म्हणून माझ्या कथांतली भुतं आणि संकटं आकाशातून येतात. त्यांना गाव नसतं, नातेवाईक नसतात. संपादकांना मी नाही म्हणून कळवलंय. रोज देवासमोर बसून तुम्हाला माफ करायला पाहतो, ते मात्र जमत नाही.

हे पत्र मी कुठेच टाकणार नाही. एवढं फक्त कबूल करतो की नवी कथा छापून आली, की अंक उघडताना अजूनही वाटतं, गुरुजींनी ही वाचायला हवी होती.