मामूचं सांबर आणि माझी पेन्सिल

शुक्रवार, ९ मे

तय्यब मामू रुवैसहून सुट्टीवर आमच्याकडे आला; इथे आखातातच, गाडीने तीन तास. आल्या आल्या सोफ्यावर बसून सांबर पाडलं! गावी रत्नागिरीच्या जंगलात, पॉइंट टू-टू रायफलच्या एकाच गोळीत. दर सुट्टीत ते सांबर वाढतंय.

मी शूटिंग रेंजच्या काउंटरवर बसते, मला विचार ना! आमचे कोच फहदभाई सांगतात, टू-टू सशाला ठीक. हरीण तेवढ्याने पडत नाही, जखमी होऊन पळतं. मामूला बोलले तर म्हणतो, "तेच तर पाहिजे. लगेच मेलं तर हलाल कधी करणार?" फहदभाई हसून हसून बेजार – अरे, बिस्मिल्ला म्हणून ट्रिगर दाबायचा, खलास! गोळीने मेलं तरी हलाल.

सुरी चालवण्यात मात्र मामूचा हात कोणी धरू शकत नाही. त्याच्या अरबाबची, म्हणजे अरबी मालकाची, गाडी चालवतो, पण ईदला त्याचे बकरे पण हाच कापतो.

रविवार, ११ मे

मामूला रेंजवर बोलावलंय. त्याच्या टार्गेटच्या कागदावर मी आधीच पेन्सिलने भोकं पाडलीत, बरोब्बर मधे! घरी फुशारक्या मारू देणार, मग पेन्सिल दाखवणार.

संध्याकाळी – मेले! मामू अरबाबलाच घेऊन आला. मामूने पाच गोळ्या झाडल्या, बहुतेक डोळे मिटून. अरबाब कागदाकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "माशाल्ला तय्यब. अगला हफ्ता साउथ आफ्रिका चलेगा. हिरन मारेगा."

मामूचा चेहरा बघवेना.

सोमवार, १२ मे

मामूला सगळं सांगितलं. वाटलं, कानाखाली बसेल. नाही बसली.

"मुनिबा, सांबरावर गोळी दुसऱ्याने झाडली गं. मी सुरी घेऊन मागे धावलो. सापडलंच नाही. मग वर गिधाडं फिरायला लागली."

आता तिकडे त्याच्या हातून पण तेच होणार. आणि खरं सांगितलं तर नोकरी जाईल, म्हणतो. मी म्हटलं तरी सांग. "इन्शाल्ला," म्हणाला. म्हणजे नाही.

गुरुवार, २२ मे

मामू गेला. अम्मीने खजूर दिले. मला जेवण गेलं नाही.

मंगळवार, २७ मे

मामूची व्हॉइस नोट! रायफल हातात दिली तेव्हा त्याने सगळं कबूल करून टाकलं. अरबाब हसला म्हणे. "हमको पहलेसे मालूम. पाँच गोली, सात छेद! बंदूक हम चलाएगा, तुमको छुरी के लिए लाया. और वो काउंटरवाली को बोलो, गिनती सीखो."