दुधाचा थेंब नाही

२१ जानेवारी १९७४, सोमवार

पेणकर आले. लंडनला जाणारं आमचं आंब्याचं गोड लोणचं ज्यू लोकांना खायला चालेल का, हे ठरवायला. आम्हाला वाटलं, कुणी गोरा साहेब मोटारीतून उतरेल. उतरले ते बसमधून, पुण्याच्या रास्ता पेठेतले ज्यू, माझ्याहून स्वच्छ मराठी बोलणारे! दामले मॅनेजर चार दिवस इंग्रजी पाठ करत होते — वाया गेलं.

दामले छाती काढून म्हणाले, "आमच्याकडे अंडंसुद्धा आत येत नाही. शुद्ध शाकाहारी." पेणकर शांतपणे म्हणाले, "मला काळजी दूध-तुपाची आहे. हे लोणचं तिकडे मटणाबरोबर खाणार, आणि आमच्यात मटणाबरोबर दूध चालत नाही." दामल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तुपाने काही बाटतं, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नसेल.

२३ जानेवारी

जुन्या दूध-तुपाचा अंशही राहू नये म्हणून स्टीमची मोठी कढई चोवीस तास कोरडी ठेवली, मग काठोकाठ पाणी उकळून उतू जाऊ दिलं. पेणकर शेजारी उभे. कढई घासणाऱ्या सुभद्राबाई म्हणाल्या, "आमच्या सासूचं सोवळं यापुढं काईच न्हाई." आता रोज वहीत लिहायचं — 'कढईत दूध-तूप नाही.' खाली सही केमिस्टची, म्हणजे माझी.

३० जानेवारी

प्रमाणपत्र आलं. त्या आनंदात दामल्यांनी सत्यनारायण जाहीर केला. शनिवारी. शनिवार पेणकरांचा सुटीचा.

२ फेब्रुवारी, शनिवार

तीनशे माणसांचा प्रसाद. एवढं भांडं दुसरं कुठून आणणार? रवा, केळी, तूप आणि घागरी भरून दूध — त्याच कढईत! मी म्हटलं, "अहो, पेणकर काय म्हणतील?" दामले म्हणाले, "अरुंधतीबाई, देवाचं दूध ते दूध नव्हे." धन्य ते शास्त्र. शिरा मात्र झकास झाला होता, दोनदा घेतला. वही भरून घरी आले.

४ फेब्रुवारी

पेणकरांनी वही पाहिली, मान डोलावली. तेवढ्यात सुभद्राबाई द्रोण घेऊन आल्या.

"साहेब, परसाद. तुमच्यासाठी राखून ठिवलाय."

"कुठं शिजवला?"

"तुमच्याच कढईत की. लख्ख घासली व्हती."

पेणकरांनी द्रोण हळूच टेबलावर ठेवला. वही पुन्हा उघडली. माझी सही पाहिली, मग मला.

५ फेब्रुवारी

प्रमाणपत्र रद्द. ऑर्डर अडकली. दामल्यांनी सुभद्राबाईंना कामावरून काढलं — नको तिथं तोंड उघडलं म्हणून! खोटं लिहिलं मी, आणि मला कुणी हटकलंसुद्धा नाही. लाज वाटली. तरी गप्प बसले.

११ फेब्रुवारी

पेणकरांचं पत्र. पुन्हा तपासणीला येतील, एका अटीवर — 'वही यापुढे सुभद्राबाईंकडे. तुमच्या कारखान्यात खरं सांगणारं माणूस मला तेवढं एकच भेटलं.'

दामले म्हणाले, "पुनावळ्यात राहते ना ती? जा, घेऊन या."

उद्या जाते. त्यांना लिहिता येत नाही. सही करायला मीच शिकवायची आहे.