बगळ्याचा फोटो निघाला नाही

विलेपार्ले,
संक्रांतीचा दुसरा दिवस, १९५४

तीर्थस्वरूप श्यामसुंदरदादांस,

शरच्चंद्राचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगाचा सराव यंदा चांगलाच झाला आहे, खुलासा पुढे.) आपलं पत्र पोचलं. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? बडोद्याला थंडी फार असल्याचं वाचलं, मफलर वापरत जा.

हवापालटासाठी शुभाला माहेरी न्यायला आपण पुढच्या रविवारी येताय. त्याबद्दल लिहितोच, पण आधी, दिवाळीत आपण बहिणीला धाडलेल्या त्या कॅमेऱ्याविषयी माझी तक्रार ऐकून घ्या.

श्रावणात आमचं बाळ आलं तसंच गेलं, तेव्हापासून शुभा खिडकीशी बसून असायची, हे आपण जाणताच. स्वयंपाक करायची, विचारलं तर उत्तर द्यायची, पण घरात तिचा आवाज म्हणून नव्हता. आपली ती काळी पेटी आली, तीही कपाटावर पडून. मग एका सकाळी मी दाढी करत असताना ती एकदम म्हणाली, "हलू नका!" मी हललो नाही. (मला वाटलं, पाल.) तिनं माझ्या खांद्यावरून खिडकीतल्या कावळ्याचा फोटो काढला. तो कावळा त्या दिवसापासून बिघडला. रोज येतो, मान वाकडी करून बसतो आणि मानधन म्हणून माझ्या ताटातली पोळी नेतो. मग शेजारच्या वनमालाबाईंच्या मांजरीला पिल्लं झाली. ती माझ्या ऑफिसच्या टोपीत फार गोड दिसतात म्हणे. दिसत असतील. मी मात्र त्या दिवशी बोडका ऑफिसात गेलो आणि साहेबांनी जवळ येऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" काय सांगणार? म्हटलं, "ठीक होतंय, साहेब."

गेल्या रविवारी तिनं मढचा हट्ट धरला. समुद्राचे फोटो काढायचे. वर्सोव्याहून होडीनं खाडी ओलांडली. मी मागून छत्री, डबा, पाण्याचा तांब्या घेऊन (लग्नात मी पुढे चालत होतो असं अंधुक आठवतं). समुद्राचे झाले, ओढून ठेवलेल्या होड्यांचे झाले, काठ्यांवर वाळणाऱ्या बोंबलांचे झाले. आणि परतताना एका डबक्यात म्हैस दिसली. म्हशीच्या पाठीवर पांढराशुभ्र बगळा. शुभा थबकली. पण ऊन नेमकं समोरून.

"अहो, म्हैस जरा वळवा ना."

दादा, मी बी. ए. आहे. म्हैस वळवणं अभ्यासक्रमात नव्हतं. पण कितीतरी दिवसांनी तिनं माझ्याकडे काही मागितलं होतं. धोतर खोचून उतरलो. म्हशीला आधी विनंती केली, मग च्यक्‌च्यक्‌ केलं, मग शेपटीकडून जरासा रेटा दिला. वाटेनं पाटी घेऊन चाललेली एक कोळीण थांबून ओरडली, "ओ भटजी, म्हशीला मंत्र सांगता का काय?" तेवढ्यात म्हैस उठली. बगळा उडाला. माझा आधार गेला, पाय गेले, आणि मी आठही अंगांनी चिखलात.

डोळे पुसत वर आलो तर कोणीतरी खदखदून हसत होतं. मला वाटलं, कोळीण. पाहिलं तर कोळीण तोंडावर हात ठेवून उभी, आणि शुभा बांधावर बसून हसत होती. हसता हसता रडायला लागली, पुष्कळ रडली, मग माझ्याकडे बघून पुन्हा हसली. मी लगेच बाहेर आलो नाही. आलो तर थांबेल, अशी भीती वाटली. कोळणीला काय उमगलं कोण जाणे. तिनं पाटी खाली ठेवली आणि शुभाच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

होडीवाल्यानं येताना मला मासळीच्या पाट्यांत बसवलं. (पाट्यांना तोंड असतं तर त्यांनी तक्रार केली असती.) परवा स्टेशनजवळच्या स्टुडिओतून फोटो आले. बगळ्याचा फोटो निघालाच नाही. निघाला तो माझा, पालथा. तो तिनं फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलाय. येणारा जाणारा कौतुकानं विचारतो.

तर असा हा छळ. आपण रविवारी अवश्य या आणि शुभाला खुशाल घेऊन जा. तिला विश्रांती मिळेल. मी खाणावळीत जेवीन. माझी काहीही अडचण नाही.

आपला,
शरच्चंद्र

ता. क. जमल्यास नेऊ नका. घर आत्ता कुठे बोलायला लागलंय. मी तिला तसं म्हणणार नाही; तिला जावंसं वाटत असेल तर आड येणार नाही. पण आपण आपणहून विचार बदललात, असं काही करता येईल का?

दुसरा ता. क. दादा, मी शुभा. पाकिटाला खळ लावायला ह्यांनी पत्र माझ्याकडेच दिलं. मी येत नाही. तूच ये, वहिनीलाही आण, चांगले राहायलाच या. आणि मी हे वाचलंय, ते ह्यांना इतक्यात कळवू नकोस. काळजीत असले की हे सकाळी माझ्याआधी उठतात आणि आलं घालून चहा करतात. रविवारपर्यंत करू देत.